पिस्टनचा मान

"अजून एक मारा," अण्णा म्हणाले.

गफूरचाचांनी कपाळावरचा घाम बोटानं निपटला आणि येझदीला पुन्हा किक मारली. गाडीनं हूं की चूं केलं नाही. चाचा हँडलवर वाकून असे काही धापा टाकायला लागले, की मला हसू आवरेना. मी तोंड फिरवून जास्वंदीला पाणी घालायला लागले.

"थंडीनं धरलंय इंजिन," चाचा म्हणाले.

"एप्रिल चाललाय, गफूर."

"मग उन्हानं धरलं असंल."

अंगणातल्या खुर्चीत बसून अण्णा आपल्या गाडीकडे बघत राहिले. मरून रंगाची टाकी, चकाकणारे दोन सायलेन्सर, एकही डाग न पडलेली सीट. रविवारची सकाळ होती आणि थोड्याच वेळात पुण्याहून गिऱ्हाईक येणार होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील, भूपाल मगदूम. उद्यमनगरातल्या कारखान्यात फोरमन होते. आदल्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, मोटरसायकलला किक मारायची नाही. त्या दिवसापासून आईनं धोशाच लावला होता. "दारात दिसली की हे किक मारणार. आधी ती गाडी घालवा बघू." अण्णा नेहमी प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचे, यावर मात्र घातला नाही. मुकाट्यानं पुण्याच्या कुणा रणदिवे नावाच्या माणसाला फोनवर शब्द देऊन मोकळे झाले. रणदिव्यांना म्हणे जुन्या गाड्यांचा फार शौक होता.

मी अण्णांना म्हटलं होतं, "मला द्या की. मी चालवते."

"तुला?" अण्णा हसले. "उद्या लग्न होऊन जाशील. सासरी काय येझदीवरनं वरात काढणार हाईस?"

तेवीस वर्षांची होते मी. लहानपणापासून या गाडीच्या कामात अण्णांच्या हातात पाने देत आले होते. चाचांनी त्यांच्या लेथच्या दुकानामागच्या बोळात मला चोरून गाडी शिकवली होती. हे अण्णांना ठाऊक नाही, असं मी समजत होते. मला ती गाडी हवी होती. दुसरी कुठली नाही, तीच. आणि आता ती पुण्याला चालली होती, या विचारानं मला चार दिवस अन्न गोड लागत नव्हतं.

म्हणून आदल्या संध्याकाळी अण्णा औषध घेऊन पडले तेव्हा मी इंजिनाचं उजवं झाकण उघडलं. आत पॉइंट असतात. दोन बारीक तुकडे, एकमेकांना टेकायचे, सुटायचे, त्यावर ठिणगी पडायची. रणदिव्यांचं, कुणाकरवी तरी आलेलं, व्हिजिटिंग कार्ड घरात पडलं होतं. त्याची एक पट्टी कापली आणि पॉइंटांच्या मध्ये सरकवून दिली. झाकण लावलं, हात धुतले आणि अगदी भक्तिभावानं देवळात जाऊन आले. गाडी चालू होत नाही म्हटल्यावर शौकीन माणूस कशाला घेतोय, असा माझा साधा हिशेब.

एवढ्यात डिगेमास्तर आले. मास्तर शाळेत पी.टी. शिकवायचे. वर्षाचे बाराही महिने त्यांच्या हातात एक पिवळा रुमाल असायचा, त्यानं ते सारखी मान पुसायचे. त्या दिवशी मात्र शर्टाच्या बाहीनं पुसत होते.

"काय, उठंना व्हय घोडं?" मास्तरांनी लांबूनच विचारलं. आणि मला वाटलं, हा माणूस दुःखी दिसायची फार मेहनत घेतोय.

"मास्तर, पिस्टन आणलाय न्हवं?" चाचा म्हणाले.

पिस्टनची गोष्ट सांगायला हवी. अण्णा, चाचा, मास्तर आणि आणखी पाच-सहा जण दर रविवारी गाड्या घेऊन निघायचे. पन्हाळा, गगनबावडा, कधी आंबा घाट. मिसळ खायची, एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायची आणि परत यायचं. त्यांचा एक रिवाज होता. ज्याची गाडी रस्त्यात बंद पडेल, त्याच्या हँडलला एक जळका पिस्टन सुतळीनं बांधायचा. पुढच्या कुणाची गाडी बंद पडेपर्यंत त्यानं तो मिरवायचा, बाजारात, कामावर, लग्नाला जाताना सुद्धा. आणि ज्याला पिस्टन मिळालेला नाही, तो गटातला नव्हे, पाहुणा. मिसळीचा पहिला मान पाहुण्याचा, पण गाड्यांच्या भांडणात त्यानं तोंड उघडायचं नाही. सगळ्यांना एकदा तरी तो मिळाला होता, अण्णा सोडून. अण्णांची गाडी कधी बंदच पडली नव्हती. ज्यांनी गट काढला तेच इतकी वर्षं पाहुणे, यावरून त्यांची फार चेष्टा व्हायची. अण्णा काही गप्प बसायचे नाहीत, आणि चेष्टा करणाऱ्यांना आतून त्यांचा हेवा वाटायचा.

मास्तरांनी पिशवीतून पिस्टन काढला. "बांधू का? एवढ्या वर्षांनी संधी आल्या."

"अंगणात बंद पडली ती धरत न्हाईत," अण्णा शांतपणे म्हणाले. "रस्त्यावर पडली पाहिजे. नियम तुम्हीच केलाय, मास्तर."

मास्तरांनी पिस्टन पुन्हा पिशवीत टाकला. आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या कपाळाला आठ्या होत्या.

"कालपासनं भाताला कसला वास येतोय, कळंना झालंय," ती म्हणाली. "आणि ही अजून हलली न्हाई व्हय दारातनं?"

"हलंल की, वैनी," चाचा म्हणाले. "माणूस यायचाय अजून."

माणूस आला. पुढे पांढरी मोटार, मागे रिकामा टेंपो. रणदिवे उतरले ते नखशिखान्त पांढरे, पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे बूट. टेंपो बघून माझा हिशेब डळमळला. गाडी घ्यायची की नाही हे बघायला आलेला माणूस टेंपो घेऊन येत नाही.

"वा!" त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "काय पीस आहे! सुंदर!" मग ते उजव्या बाजूला वाकले. तिथं काही सापडेना, तसे डाव्या बाजूला आले. "याची किक कुठे आहे? काढून ठेवलीत का?"

येझदीला गिअरची आणि किकची दांडी एकच असते. आत दाबली आणि वर फिरवली की किक, परत खाली आणली की गिअर. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. मास्तरांनी चाचांकडे बघितलं, चाचांनी आभाळाकडे.

"गाडी जरा रुसल्या," अण्णा म्हणाले. "एरवी पहिल्या किकला उठती. आज का—"

"अहो, काही हरकत नाही!" रणदिवे खूश होऊन म्हणाले. "उलट बरंच झालं. मला बंदच हवी आहे. हायवेला नवीन हॉटेल काढलंय, 'मराठी मेजवानी'. दारात उभी करायची. टाकी वरून कापून घेतो, त्यात मनीप्लांट. हेडलाइटमध्ये सदाफुली. लोक फोटो काढतात हो!"

माझ्या हातातली बादली जमिनीवर पडली. पाणी सगळ्या अंगणभर झालं.

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ज्या माणसाला पळवून लावायला गाडी बंद पाडली होती, त्याला बंदच गाडी हवी होती. हात दाखवून अवलक्षण ते हेच. मी मास्तरांकडे बघितलं, तर मास्तरांचा चेहराही पांढरा पडलेला. चाचांनी तर खाली बसकणच मारली. त्यांना काय झालं, ते मला तेव्हा उमगेना.

अण्णा खुर्चीतून उठले. त्यांचा आवाज चढला नाही, पण मला त्यांची भीती वाटली.

"रणदिवेसाहेब, मी शब्द दिला तो शौकीन माणसाला. आता ऐका. गाडी चालू झाली, तर ती पळवणाऱ्याकडंच राहील. न्हाई झाली, तर मेली म्हणायची. न्या, लावा झाडं."

"जशी तुमची इच्छा," रणदिवे हसले. त्यांना त्यात धोका दिसत नव्हता. "मी चहा पितो, तोवर बघा प्रयत्न करून."

"नुसता चहा कसा?" आई म्हणाली. "पोहे करते की. बसा." आणि आमची आई, जी पाहुणा उंबऱ्यात असतानाच चहा गाळते, ती त्या दिवशी पोहे निवडायला बसली. ताटात एक एक पोहा बाजूला करत.

इकडे आमची एकच गडबड उडाली. "मी जरा पॉइंट बघते," मी म्हटलं आणि कुणी नको म्हणायच्या आत झाकण उघडलं. पट्टी बोटांच्या चिमटीत धरून ओढली आणि ओढणीत लपवली. मान वर केली, तर चाचा टक लावून बघत होते.

"हवा कसली लागली पॉइंटाला?" ते पुटपुटले.

"पुण्याची," मी म्हटलं.

"मग मी पिलगा बघतो," चाचा घाईनं म्हणाले. त्यांनी पाना लावून स्पार्क प्लग काढला, आमच्याकडे पाठ केली आणि खिशातून दुसरा प्लग काढून बसवला. काढलेला प्लग खिशात जाताना मी बघितला. काळा ठिक्कर, कुठल्यातरी भंगारातला. अण्णांच्या गाडीत असा प्लग सात जन्मात दिसला नसता.

"चाचा!" मी कुजबुजले. "तुम्ही पण?"

"गप. किक मारू दे."

किक मारली. काही नाही.

"एअर फिल्टर बघायला पायजे," डिगेमास्तर एकाएकी म्हणाले. आयुष्यात ज्यांनी स्वतःच्या गाडीची हवासुद्धा दुसऱ्याकडून भरून घेतली, ते मास्तर गुडघ्यावर बसले, फिल्टरच्या आत दोन बोटं घातली आणि जादूगारासारखा एक लांबलचक पिवळा रुमाल बाहेर ओढला. ओढून झाल्यावर सवयीनं त्यानंच मान पुसली. मानेला काळा पट्टा उमटला.

चाचांना हसू फुटलं ते खोकल्यात लपवावं लागलं. मी पायरीवर बसून घेतलं. आम्ही तिघं एकमेकांना न सांगता एकच पाप करून बसलो होतो. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, इथं तर एकाच ताटलीवर तीन मांजरं होती. हसावं की रडावं कळत नव्हतं, कारण आतून बशीचा आवाज येत होता. रणदिव्यांचे पोहे संपत आले होते.

"आता उठती बघा," मास्तर म्हणाले.

चाचांनी किक मारली. पुन्हा मारली. एकदा, दोनदा, इतक्यांदा, की आता त्यांचा घाम खरा होता.

"न्हाई, मर्दा," ते हळूच म्हणाले. "आता मला कळंना."

मला रडू आलं. पट्टी काढली, प्लग घातला, रुमाल निघाला, तरी गाडी उठत नव्हती. म्हणजे आमच्या खेळात ती खरंच बिघडली होती. टाकी कापणार, मनीप्लांट लावणार, आणि लोक तिच्याजवळ उभे राहून फोटो काढणार. मी अण्णांकडे बघितलं. ते खुर्चीत परत बसले होते आणि आम्हा तिघांकडे एकेक करून बघत होते. चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती.

"सरका," मागून आवाज आला.

आई होती. हातात स्वयंपाकघरातला चिमटा. पदर खोचलेला. ती सरळ गाडीच्या मागे गेली, खाली बसली आणि उजव्या सायलेन्सरमध्ये चिमटा घातला. आतून कणकेचा एक वाळका गोळा निघाला. ती कुणाकडेही न बघता उठली.

"आई!" मी ताडकन उठले. "तूच म्हणत होतीस ना, घालवा म्हणून?"

"म्हणत होते. डॉक्टर सांगतोय म्हटल्यावर म्हणायला नको?" आई एकदम चिडली, आणि चिडता चिडता तिचे डोळे भरून आले. "लग्न झाल्यावर ह्याच गाडीवरनं बाहुबलीच्या दर्शनाला जाऊन आलोय आम्ही. भर रस्त्यात ह्यांनी गाणं म्हटलंय. कापतोय म्हणं टाकी! आणि मी म्हटलं घालवा, तर एका शब्दानं न्हाई म्हणायचं न्हाई व्हय ह्यांनी?"

अण्णांनी मान खाली घातली.

"मारा किक," आईनं फर्मावलं.

चाचांनी मारली. आता तर उठायलाच हवी होती. नाही उठली.

रणदिवे तोंड पुसत बाहेर आले. "काय, झालं का? टेंपोवाल्याला फळी लावायला सांगू?"

आम्ही चौघं गाडीभोवती मयताला जमल्यासारखे उभे. प्रत्येकानं आपलं आपलं पाप शोधून काढलं होतं, पण गाडीचा आजार कुणी शोधलाच नव्हता. आईनं आमच्याकडे, मग गाडीकडे बघितलं. ती कधी गाडीच्या पान्याला शिवली नव्हती. तिनं साधं विचारलं,

"पेट्रोल हाय का, कुणी बघितलं का?"

मास्तरांनी चाचांकडे बघितलं. चाचांनी माझ्याकडे. गाड्यांवरून तासन्‌तास भांडणारी माणसं आम्ही. मी टाकीचं झाकण उघडलं. आत कोरडं ठणठणीत.

अण्णा उठले. घरात गेले. कोठीच्या खोलीत डबे सरकवल्याचा आवाज झाला. ते बाहेर आले तेव्हा हातात प्लॅस्टिकचा कॅन होता.

"तरीच!" आई ओरडली. "तांदळाच्या डब्यामागं ठेवलंत?"

अण्णांनी कॅन तिरपा केला आणि पेट्रोल टाकीत ओतायला लागले. वासानंच चाचांनी नाक वर केलं, आणि मला दिसलं ते त्यांनाही दिसलं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं होतं. येझदीच्या पेट्रोलमध्ये ऑइल टाकावं लागतं, पण ते पंपावर, टाकीत. मिसळलेलं पेट्रोल कॅनमध्ये भरून घरी कुणीच आणत नाही. ते पेट्रोल आलं होतं गाडीच्याच टाकीतून.

"भूपाल," चाचा हळूच म्हणाले, "लेका, तू सुद्धा?"

अण्णांनी कॅनचं झाकण फिरवून घट्ट लावलं. "सांडू नये म्हणून काढून ठेवलं होतं," ते म्हणाले. मग टाकीखालचा पेट्रोल सोडायचा कॉक उघडला आणि माझ्याकडे वळले. "त्रिशला. मार किक."

"मी?"

"मग काय मी मारू? डॉक्टर न्हाई म्हणतोय."

मी दांडी आत दाबली, वर फिरवली. रणदिवे मागच्या बाजूला उभे राहून सायलेन्सरकडे कौतुकानं बघत होते, बहुधा त्यांत काय लावता येईल याचा विचार करत. मी सगळं अंग टाकून किक मारली.

येझदी पहिल्या किकला उठली. मी ॲक्सिलरेटर पिळला. आईनं उजवा गोळा काढला होता, डावा राहिला होता. तो सुटला. निळ्या धुराचा लोट उठला आणि त्यातून कणकेचा गोळा थेट रणदिव्यांच्या पांढऱ्या पँटवर, गुडघ्याच्या जरा वर, फटकन बसला.

"अगं बाई," आई म्हणाली. "काय न्हाई हो, कणीकच हाय. वाळली की झटकून जाती."

रणदिव्यांची मोटार गेली, मागून रिकामा टेंपो गेला. गाडी अंगणात धडधडत उभीच होती. बंद करायचा धीर मला होत नव्हता. मास्तर आणि चाचा आपापल्या गाड्यांवर बसलेसुद्धा. रविवारच होता की.

"चल, बालिंग्याच्या पुलापर्यंत," अण्णा म्हणाले. ते गाडीपाशी वाकले, टाकीखाली हात घालून काहीतरी चाचपलं आणि माझ्या मागे बसले. कुणाच्या मागे बसलेले अण्णा मी जन्मात पाहिले नव्हते.

"अण्णा, मला चालवता येते हे तुम्हाला—"

"गफूरच्या बोळात तुझा क्लच कसा ओरडतोय, ते कारखान्यात ऐकू यायचं. बघ पुढं."

फुलेवाडी मागे पडली. दोन्ही बाजूंना ऊस लागला. तोंडावर वारा, पाठीवर अण्णांचा हात, मागून चाचांचा हॉर्न. मला वाटलं, आता मेले तरी चालेल. आणि बरोब्बर तेव्हाच गाडी एकदा अडखळली, दुसऱ्यांदा अडखळली आणि उसाच्या कडेला शांत झाली.

मी उतरले. एवढं सगळं होऊन शेवटी मीच ती बंद पाडली. चाचा आणि मास्तर येऊन थांबले.

"बंद पडली?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज आनंदानं चिरकला.

"पडली," अण्णा म्हणाले.

"रस्त्यावर?"

"रस्त्यावर. पण चालवत मी नव्हतो. नियम तुम्हीच केलाय, मास्तर."

मास्तरांनी पिशवीतून पिस्टन काढला आणि सुतळीची गाठ माझ्या हँडलला मारली. चाचांनी दोनदा हॉर्न वाजवला. तो जळका तुकडा हँडलला लोंबायला लागला आणि मी मान खाली घालून टाकीखाली बघितलं. पेट्रोलचा कॉक बंद होता. नळीत उरलं होतं तेवढ्यावरच गाडी इथवर आली होती.

मी अण्णांकडे बघितलं. ते उसाकडे बघत होते, जणू त्यांनी कधी ऊस पाहिलाच नव्हता.

"काय झालंय गं गाडीला?" त्यांनी विचारलं.

मी कॉक उघडला. "काही नाही, अण्णा. पॉइंटाला हवा लागली."

"मग चला," चाचा म्हणाले. "आज मिसळ शेवटाला घ्यायची, त्रिशला. तू आता पाहुणी न्हाईस."